गुन्हा कबूल करण्याचा सल्ला कोणाच्या हिताचा?

तालुक्याच्या फौजदारी न्यायालयाच्या आवारात एक सल्ला फुकट मिळतो. तो देणारा कधी न्यायालयाभोवती घुटमळणारा दलाल असतो, कधी ठाण्यातला शिपाई, कधी गावचा ‘समजूतदार’ पुढारी, आणि शरमेची गोष्ट अशी की, कधी कधी काळा कोट घातलेला वकीलही असतो. सल्ला असा : “कशाला तारखा घालीत बसता? गुन्हा कबूल करा, दंड भरा आणि मोकळे व्हा.” रोज बुडवून आलेल्या मजुरास हा सल्ला गोड लागतो. तो ‘कबूल’ म्हणतो, दंडाची पावती घेऊन घरी जातो आणि एक पीडा टळली असे समजतो. आमचे म्हणणे असे आहे की, पीडा टळलेली नसून ती त्या क्षणापासून त्याच्या मानगुटीस बसलेली असते. हा सल्ला अज्ञानातून दिलेला असो वा स्वार्थातून, तो आपल्या समाजाचा घात करणारा आहे आणि त्याचा उघड निषेध झाला पाहिजे.

ज्यांस लोक किरकोळ खटले म्हणतात ते कोणते, हे प्रथम पाहू. सार्वजनिक जागी असभ्य वर्तन केले, शांतता भंगेल असे वागला, या आरोपांचे खटले महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ११० व ११२ सह ११७ खाली भरले जातात. पत्त्यांच्या डावावर धाड पडली की १८८७ चा जुगाराचा कायदा लागतो; दारू सापडली की १९४९ चा दारूबंदीचा कायदा लागतो. यांतील दंड किरकोळ असेल. परिणाम किरकोळ नसतो. कबुलीवर झालेली शिक्षा ही साक्षीपुराव्यावर झालेल्या शिक्षेइतकीच दोषसिद्धी होय. किंबहुना ती अधिक पक्की असते. पुराव्यावर शिक्षा झाली तर ती चुकीची होती असे सामान्यतः अपिलात सांगता येते. कबुली देणाऱ्यास मात्र भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४१६ अन्वये शिक्षा किती व ती कायदेशीर आहे की नाही, एवढ्यापुरतेच अपील उरते. ‘मी हे केलेच नाही’ असे म्हणण्याचा हक्क त्याने आपल्याच तोंडाने गमावलेला असतो.

आणि ही दोषसिद्धी स्वस्थ बसत नाही. मुलगा पोलीस भरतीस उभा राहतो, सरकारी नोकरीसाठी साक्षांकन नमुना भरतो, तेव्हा ती पुढे येते. २०१६ साली अवतार सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, अशी माहिती उमेदवाराने खरीच दिली पाहिजे. क्षुल्लक प्रकरणाकडे नेमणूक करणाऱ्याने उदारतेने पाहावे, असेही न्यायालय म्हणाले. परंतु ती उदारता दाखवायची की नाही, हे शेवटी अधिकाऱ्याच्या विवेकावर राहते. शिवाय दारूबंदीच्या वा जुगाराच्या कायद्याखालील काही गुन्ह्यांत पुन्हा पुन्हा शिक्षा झाली, तर पोलीस अधिनियमाच्या कलम ५७ खाली तडीपारीची नोटीस येऊ शकते. शंभर-दोनशे रुपयांच्या दंडात सुटलो म्हणणाऱ्यास आपल्याच घरातून हुसकावले जाण्याची पाळी येते, ती अशी पायरीपायरीने.

यावर एक उत्तर ठरलेले आहे : “वकिलास द्यावयास पैसा कोठे आहे?” हे उत्तर पन्नास वर्षांपूर्वी खरे होते. आज ते खरे नाही, आणि जे जाणूनबुजून ते देतात त्यांस आम्ही जाब विचारतो. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ अन्वये अनुसूचित जाती-जमातींची प्रत्येक व्यक्ती मोफत वकिलास पात्र आहे. तिच्या मिळकतीची चौकशी करण्याचे कारण नाही. स्त्री असेल, बालक असेल, कोठडीत असलेली कोणीही व्यक्ती असेल, तिलाही हाच हक्क आहे. बौद्ध झाल्याने हा हक्क जातो, असा समज काही कारकून मुद्दाम पसरवितात. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांचा अनुसूचित जातींत समावेश झाला आहे. जातीच्या दाखल्यासह अर्ज करावा आणि नकार मिळाल्यास तो लेखी मागावा. हा अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे वा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करावयाचा असतो. १५१०० या दूरध्वनी क्रमांकावरही मदत मिळते. २०२२ च्या योजनेने अनेक जिल्ह्यांत आरोपींच्या बचावासाठी पगारी लोक अभिरक्षक नेमले गेले आहेत. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४१ अन्वये आरोपीस वकील नसेल व वकील देण्याची ऐपत नसेल, तर न्यायालयाने सरकारी खर्चाने तो दिलाच पाहिजे. १९८६ साली सुक दास खटल्यात तर आरोपीस या हक्काची जाणीवच करून दिली नव्हती, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा रद्द केली. आरोपीने मागितला नाही म्हणून वकील दिला नाही, ही सबब चालत नाही.

हा हक्क कोणाच्या दयेतून आलेला नाही. १९२६ साली पुण्यात ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरून जेधे, जवळकर आदींवर बदनामीचा फौजदारी खटला झाला, तेव्हा त्यांच्या बचावास बॅरिस्टर आंबेडकर उभे राहिले आणि आरोपी सुटले. आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या माणसास वकिलाचे मोल काय असते, हे बाबासाहेबांस पोथीतून शिकावे लागले नव्हते. सप्टेंबर १९४९ मध्ये घटना समितीत आज अनुच्छेद २२ म्हणून ओळखली जाणारी तरतूद त्यांनीच मांडली. अटकेची कारणे सांगितली पाहिजेत, पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ दिला पाहिजे, चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे, या गोष्टी फौजदारी कायद्यात होत्याच; परंतु कायदेमंडळास सहजी काढून घेता येऊ नयेत म्हणून त्यांनी त्या मूलभूत हक्कांत बसविल्या. त्या हक्कावर आपण ‘कबूल’ या एका शब्दाने पाणी सोडावे काय?

अटकेनंतरचे पहिले चोवीस तास निर्णायक असतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये मिहीर शाह विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, कोणत्याही गुन्ह्यात अटकेची कारणे आरोपीस समजेल त्या भाषेत लेखी दिली पाहिजेत. तत्काळ देता आली नाहीत, तरी रिमांडसाठी उभे करण्यापूर्वी निदान दोन तास अगोदर दिली पाहिजेत. तेव्हा तो कागद मागावा. घरच्यांस कळविण्यास सांगावे. पोलिसांपुढील कबुली पुराव्यात चालत नाही, पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही करण्याचे बंधन नाही, आणि स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती घटनेच्या अनुच्छेद २० ने कोणावरही केलेली नाही. पंचनाम्यावर सही मागितली तर तो आधी वाचून घ्यावा. कोऱ्या कागदावर सही तर कदापि करू नये. दंडाधिकाऱ्यापुढे पहिल्यांदा उभे राहताच ‘मला वकील पाहिजे’ हे तीन शब्द स्पष्ट उच्चारावेत.

कोठडीत खितपत पडलेल्यास तर कबुलीचा सल्ला अधिकच मोहात पाडतो : “कबूल कर, भोगलेली शिक्षा पुरेशी धरून सोडून देतील.” राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीप्रमाणे देशाच्या तुरुंगांतील दर शंभर कैद्यांत सुमारे ७६ कच्चे कैदी होते. या गर्दीतल्या गरिबास सुटकेची घाई का होते, हे आम्ही जाणतो. पण कायद्याने त्यास अन्य दार ठेवले आहे. गुन्हा जामीनपात्र असेल आणि जामीनदार मिळत नसेल, तर निर्धनास त्याच्या जातमुचलक्यावर सोडावे लागते. आठवडाभरात जामीन देता आला नाही, तर तो निर्धन आहे असेच धरावयाचे असते. ज्यास पूर्वी शिक्षा झालेली नाही व ज्याच्यावर दुसरा खटला नाही, त्याने कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश काळ कच्च्या कैदेत काढला, तर कलम ४७९ अन्वये त्यास सोडावयाचे असते. फाशीच्या वा जन्मठेपेच्या गुन्ह्यास ही सवलत नाही. तुरुंगाच्या अधीक्षकानेच त्यासाठी न्यायालयास लिहावयाचे आहे. हे दार उघडावयास वकील लागतो, कबुली नव्हे.

गावगाड्यात या सल्ल्याचे दुसरे रूप दिसते. अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९ खाली आपल्या माणसाने फिर्याद दिली की दुसऱ्या दिवशी त्याच्यावर व त्याच्या भावबंदांवर मारहाणीची, लुटीची, पाच माणसे असल्यास थेट दरोड्याची उलट फिर्याद येते. मग पुढारी ‘दोन्ही बाजूंनी मिटवा’ म्हणू लागतात. अशा वेळी ध्यानात ठेवावे की, आपल्या फिर्यादीचे काम सरकारी वकील चालवितो, पण उलट खटल्यात आपण आरोपी आहोत. तेथे बचावाचा वकील आपला आपणच उभा केला पाहिजे. एकाच घटनेवरील अशी दोन्ही प्रकरणे एकाच न्यायाधीशापुढे चालावीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९० पासून सांगितलेले आहे. तशी मागणी करावी.

तिसरे रूप चळवळीतले आहे, म्हणून ते अधिक झोंबते. १ जानेवारी २०१८ च्या भीमा कोरेगावच्या हल्ल्यानंतर ३ जानेवारीच्या बंदात अनेक तरुणांवर गुन्हे दाखल झाले. पुढे गुन्हे मागे घेण्याच्या घोषणा झाल्या. परंतु घोषणेने खटला संपत नाही. सरकारी वकिलाने अर्ज करून न्यायालयाने संमती दिली, तरच तो मागे घेतला जातो. तोवर तारीख ही तारीखच असते, आणि जो ती चुकवितो त्याच्या नावाने अजामीनपात्र वॉरंट निघते. व्यासपीठावरून टाळ्या घेणाऱ्यांनी आपल्या शब्दावर विसंबलेल्या पोरांच्या तारखा कधी पाहिल्या काय?

आता आमच्याच धंद्याविषयी दोन शब्द. न्यायालयाच्या दारात पक्षकार हेरणारा दलाल हा वकिलाचा मदतनीस नव्हे. २०२३ च्या दुरुस्तीने अधिवक्ता अधिनियमात दलालांविरुद्ध शिक्षेची तरतूद झाली आहे. ‘काम झाले तर पैसे’ असा सौदा करण्यास वकिलास बार कौन्सिलच्या नियमांनी बंदी आहे. ‘साहेबांशी बोलणे झाले आहे’ असे जो सांगतो, त्याच्याकडे पाठ फिरवावी. वकीलपत्रावर सही करण्यापूर्वी फी किती, कशाकशाची, हे ठरवून पावती घ्यावी. त्याने तुमचे कागद वाचले आहेत काय, तो स्वतः उभा राहणार की दुसऱ्यास धाडणार, हे विचारावे. विचारण्यात उद्धटपणा नाही. वकील बदलणे हा पक्षकाराचा हक्क आहे, आणि फी थकली म्हणून वकिलास कागद अडवून ठेवता येत नाहीत, हे २००० साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले आहे. आणि मोफत वकिलास ‘फुकटचा’ म्हणून हिणवू नये. तो कामात कुचराई करील तर विधी सेवा प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करावी; पण त्याचा हक्क सोडून देऊ नये.

कोणी म्हणेल, खरोखर गुन्हा केलेल्यानेही नाकारावे, असे तुम्ही शिकविता काय? आम्ही असे शिकवीत नाही. कबुली कधीच देऊ नये, असे आमचे म्हणणे नाही. आरोप सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवर आहे आणि आरोपपत्राच्या नकला आरोपीस विनामूल्य मिळतात. त्या हाती घ्याव्या, वकिलाकडून वाचून घ्याव्या, कोणते कलम लागते, त्याचा परिणाम काय, हे समजून घ्यावे आणि मग कबूल की नाकबूल, ते स्वतःच्या बुद्धीने ठरवावे. समजून दिलेली कबुली हा माणसाचा निर्णय होय. रोज बुडेल या भीतीने, दुसऱ्याच्या सांगण्यावरून दिलेली कबुली ही जुन्या काळच्या ‘जोहार मायबाप’चीच नवी आवृत्ती होय.

म्हणून प्रत्येक तालुक्यातील सुशिक्षित तरुणांस आमचे आवाहन आहे. तुमच्या वस्तीतील कोणावर खटला असेल, तर तारखेच्या दिवशी त्याच्याबरोबर न्यायालयात जा. विधी सेवा समितीचा अर्ज त्यास भरून द्या. अटकेच्या कारणांचा कागद आणि आरोपपत्राची नक्कल त्याच्या हाती आहे की नाही, ते पाहा. आणि आवारातला दलाल ‘कबूल करून टाक’ म्हणत जवळ आला, तर त्यास सर्वांदेखत विचारा : बाबा रे, ही कबुली कोणाच्या हिताची?