भिसेंना टाटा भेटले, महाडच्या पोराला कोण भेटणार?

"आपल्यात कोणी स्टार्टअपवाला का निघत नाही?" महाड-पोलादपूरकडच्या लग्नांत जेवताना हा प्रश्न हमखास निघतो. उत्तरही ठरलेलं: पोरांत दम नाही, दिवसभर मोबाइल.

हे उत्तर सोयीचं आहे, खरं नाही.

शंकर आबाजी भिसे यांचं उदाहरण घ्या. जन्म मुंबईतला, १८६७ चा. इंग्लंडमधल्या एका स्पर्धेत त्यांच्या वजनयंत्राच्या आराखड्याला बक्षीस मिळालं. मग ते लंडनला गेले आणि छपाईचे खिळे ओतणारं 'भिसोटाइप' यंत्र बनवलं. लोक त्यांना भारताचा एडिसन म्हणत. पण या हुशार माणसाच्या पाठीशी दादाभाई नौरोजी उभे राहिले, पुढे सर रतन टाटांनी पैसा घातला. एक मराठी हिंदू, दोघे पारशी. जात-धर्म कोणी विचारला नाही.

टाटांसोबतचा तो उद्योग १९१५ मध्ये बंद पडला. भिसे अमेरिकेला गेले, तिथं नवे शोध लावले आणि १९३५ मध्ये न्यूयॉर्कलाच वारले. म्हणजे मोठा पाठीराखा असूनही धंदा बुडू शकतो. मग ज्याला पाठीराखाच नाही, त्याचं काय?

आता आपल्याकडे या. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा जुना पूल दोन एसटी बसगाड्यांसह वाहून गेला. जुलै २०२१ मध्ये महाड पुरात बुडालं, तळियेवर दरड कोसळली. समजा, उद्या एखाद्या पोरानं नदीची पातळी मोजून मोहल्ल्यात भोंगा वाजवणारं यंत्र बनवलं. पहिल्या पावसात ते बंद पडणारच. दुसरं बनवायला पैसे लागतील. घरचे काय म्हणतील? "खेळ पुरे झाला, मामू व्हिसा पाठवतोय."

पैसा नाही असं म्हणू नका. वर्षाचे अकरा महिने कुलूप असलेले बंगले गावोगाव उभे आहेत.

"आखातात घाम गाळून कमावलाय, तो बुडवायचा?" हा सवाल रास्त आहे. पण व्याज नको म्हणणाऱ्यांकडे मुदारबाची रीत आहेच. एकाचा पैसा, दुसऱ्याची मेहनत. नफा ठरल्याप्रमाणे वाटायचा. प्रामाणिकपणे काम करूनही तोटा झाला तर पैसेवाल्याचा पैसा जातो, राबणाऱ्याची मेहनत. दहा जणांनी थोडं थोडं घातलं तर बुडून बुडून किती बुडेल? एका बंगल्याच्या टाइल्सइतकं!

डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेबांच्या दुसऱ्या महाड परिषदेला जागा मिळेना, तेव्हा इथल्याच फत्तेखानांनी आपली जमीन दिली. फायदा किती होईल, हे विचारलं नाही.

त्या गावचे आपण. यंदा प्रत्येक जमातीनं एका पोराला एक खोली, एक वर्ष आणि एकदा फसण्याची मुभा द्यावी. तोवर "आपल्यात कोणी का निघत नाही" हा प्रश्न विचारायचा हक्क आपल्याला नाही.