कुलूप कुणासाठी?

रेशनकार्डांसाठी बोलावलेली वस्तीतली बैठक यावेळी टीव्हीवरच जास्त रेंगाळली. धुणीभांडी करणाऱ्या एका ताईंनी विषय काढला. कामावरून परतल्या तर नववीतली मुलगी ‘तसलं काहीतरी’ बघत होती. त्यांनी टीव्हीची वायरच काढून कपाटात ठेवली. “आणि भावाचं काय?” कुणीतरी विचारलं. तो अकरावीत, हातात स्वतःचा मोबाईल. “त्याला कोण विचारणार?”

मैत्रिणींनो, बंदीचा प्रश्न आमच्यापुढे येतो तो असा.

मुलांनी काय बघावं यावर बंधन असावं, असं आम्हालाही वाटतं. बलात्कार चवीनं रंगवलेला असतो, तो तेरा वर्षांच्या मुलानं किंवा मुलीनं एकटं बसून बघू नये. कायद्यानंही प्रयत्न केले. मुंबई उच्च न्यायालयात याचिका झाली आणि २००६ साली शहरातल्या सिनेमाच्या वाहिन्या काही काळ बंद पडल्या. २०२१ च्या नियमांनी ऑनलाइन मालिकांना ७, १३, १६ वर्षांवरील आणि प्रौढ अशा पाट्या आल्या, पालकांसाठी कुलपाची सोयही आली. पण ते लावायचं कुणी? दिवसभर राबून आलेल्या आईनं. आणि मुलगी ‘बिघडली’ तर बोल कुणाला? तिलाच. वडिलांना कुणी विचारत नाही. बहुतेक घरांत रिमोट मात्र त्यांच्याच हाती असतो.

शिवाय कुलूप लागतं ते चुंबनाला. सुनेला थोबाडीत मारणारा नवरा, ते गिळून देवापुढे दिवा लावणारी सून, हे सगळं ‘कौटुंबिक’ म्हणून रोज रात्री घरादारासमोर चालतं. आमच्या मते मुलींचं अधिक नुकसान त्यानं होतं.

मुलांना कुतूहल असणारच. त्याला उत्तर द्यायचं कुणी? २००७ साली विधिमंडळातल्या गदारोळानंतर शासनानं शाळांतलं लैंगिक शिक्षण थांबवलं. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ काढलं, तेव्हा याच विषयासाठी त्यांना कोर्टाची पायरी चढावी लागली होती. (डॉ. आंबेडकरांनी त्यांचं वकीलपत्र घेतलं होतं, हे संस्कृतिरक्षक सोयीनं विसरतात.) शाळा बोलत नाही, घर बोलत नाही, मग मोबाईल बोलतो, आणि तो बाईला भोगवस्तू म्हणूनच ओळखतो.

म्हणून नियम करायचा तर मुलाला आणि मुलीला एकच. मोबाईललाही तोच. शक्य तेव्हा शेजारी बसून बघावं, खटकलं तिथे थांबवून विचारावं, “तिनं नाही म्हटलं होतं ना?” हे वडिलांनीही विचारावं.

त्या ताई म्हणाल्या, “बोलायचं म्हणजे काय? मलाच कुणी कधी सांगितलं नाही.” म्हणून पुढची बैठक आधी आयांचीच ठेवली आहे. वायर तूर्तास कपाटातच आहे, आणि मुलाच्या मोबाईलबद्दल त्या घरात अजून भांडण चालू आहे. तुमच्याकडे काय होतं, ते जरूर कळवा.