तारू कुणी घडविले?

बोरीच्या एका ओट्यावर परवा दिवेलागणीला एक शाळकरी मुलगा मोठ्याने कादंबरी वाचीत होता. भोवती दहाबारा माणसे बसली होती. गोष्ट मराठी आरमाराची. सरखेलांनी तलवार उपसली, शत्रूच्या जहाजावर उडी घेतली, आणि ऐकणारांचे श्वास थांबले. बैलांना वैरण टाकण्याची वेळ टळून गेली, तरी कोणी उठेना. इतक्यात एक म्हातारे सुतारबाबा म्हणाले, "पोरा, तलवार कोणं उपसली ते कळलं. पण तारू कोणं घडवलं? त्याचं नाव हाय का त्या पुस्तकात?"

मुलाने पाने मागेपुढे चाळली. नाव नव्हते.

वाचकहो, आमचा आजचा लेख त्या एका प्रश्नावर आहे.

प्रथम एका आक्षेपाचा समाचार घेऊ. काही शहाणे विचारतात, ज्यांनी येलदरीच्या धरणापलीकडे मोठे पाणी पाहिले नाही, त्या परभणी जिल्ह्यातल्या कुणब्यांना दर्याच्या गोष्टींचे एवढे वेड कशाला? कोकणकिनारा येथून शंभराहून अधिक कोस दूर! आमचे उत्तर असे की, हे वेड अडाणीपणाचे नव्हे, जाणतेपणाचे आहे. आभाळाकडे पाहून ज्याचा संसार तरतो किंवा बुडतो, त्याला खलाशाची छाती का धडधडते हे कोणी समजावून द्यावे लागत नाही. मृगाला आपली तिफण बाहेर निघते, त्याच सुमारास किनाऱ्यावर तारवे ओढून शाकारतात. नारळी पौर्णिमा झाली म्हणजे ती पुन्हा पाण्यात लोटतात, आणि आपण तेव्हा खुरपणीत असतो. दोघांचाही धनी एकच, तो म्हणजे पावसाळी वारा.

आणि दुसरे असे की, जहाज म्हणजे पाण्यावर तरंगणारे एक गावच. त्यात सुतार हवा, लोहार हवा, दोर वळणारा हवा, शिडाचे कापड विणणारा हवा. तुफानात शीड फाटले तर तेथे पोथी सोडून मुहूर्त पाहता येत नाही. ज्याचा हात कसबी, त्याचा शब्द चालतो. जन्माने कोण थोर हे लाट विचारीत नाही. दर्याच्या गोष्टीची मोहिनी यात आहे, आणि म्हणूनच ती श्रमकऱ्याच्या घरात टिकून आहे.

पण गोष्ट लिहिणारांनी केले काय? दर्या ठेवला, तलवार ठेवली आणि माणसे गाळली!

खांदेरीचेच घ्या. मुंबईच्या तोंडाशी, थळच्या समोर, हे लहानसे बेट आहे. इ. स. १६७९ च्या पावसाळ्याअखेर शिवाजीमहाराजांनी तेथे तटबंदी सुरू करविली. हे काम ज्याने तडीस नेले त्याचे नाव मायनाक भंडारी. मुंबईच्या इंग्रजांनी बेटाभोवती जहाजे घातली. त्यांची जहाजे उंच, तोफा भारी. पण वारा पडला की ती जागच्या जागी खिळून राहात. आपल्या होड्या लहान, उथळ आणि वल्ह्यांच्या. रात्रीच्या अंधारात त्या इंग्रजांच्या पहाऱ्यातून दाणागोटा आणि माणसे बेटावर पोहोचवीत. १८ ऑक्टोबर १६७९ रोजी दौलतखानाने नागावकडून आरमार आणून इंग्रजांवर झडप घातली आणि त्यांचे 'डव्ह' नावाचे जहाज हाती लागले. 'रिव्हेंज' हे मोठे जहाज मात्र तोफांच्या बळावर टिकले, हेही सांगितले पाहिजे. खोटी फुशारकी आम्हांस नको. १६८० च्या आरंभी इंग्रज आरमार माघारी गेले आणि खांदेरी स्वराज्यात राहिली.

आता सांगा, या लढाईचा नायक कोण? ज्यांची नावे कागदावर आली ते मायनाक आणि दौलतखान तर खरेच. पण अंधारात आवाज न करता वल्ही मारणारे ते शेकडो हात कुणाचे? कोळ्यांचे, भंडाऱ्यांचे, गाबितांचे, खारव्यांचे, दालदी मुसलमानांचे. आमच्या कादंबरीत ते 'मावळे' या एका शब्दात उरकले जातात! आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, ती ही तऱ्हा.

लाय पाटलाची गोष्ट बखरीत आहे. जंजिऱ्याच्या तटाला रात्री शिड्या लावण्याचे काम या कोळी पाटलाने पत्करले. शिड्या लावून तो हबशाच्या तोंडाखाली वाट पाहात राहिला; मागून मोरोपंतांची फौज यायची ती आली नाही. उजाडू लागले तेव्हा तो परतला. महाराजांनी त्यास पालखीचा मान देऊ केला. दर्यावर्दी माणसाला पालखी काय कामाची, म्हणून त्याने ती घेतली नाही. तेव्हा 'पालखी' नावाचे गलबत त्याला देण्यात आले. तटाखालच्या त्या एका रात्रीवर उत्तम कादंबरी उभी राहील. ओट्यावर बसून ती ऐकावयास आम्ही केव्हाचे तयार आहो!

गुराबा आणि गलबते यांची रीतही अशीच गोड आहे. गुराब मोठी, तोफांची. गलबत हलके, चाळीसपन्नास वल्ह्यांचे. वारा पडला की गलबते गुराबांना दोर बांधून ओढीत नेत आणि शत्रूच्या जहाजाच्या मागल्या बाजूस गाठीत, कारण तेथे तोफा थोड्या. म्हणजे ऐन लढाईत जय-अपजय वल्हेकऱ्याच्या दंडावर होता. हे वाचकाला सांगा, मग पाहा तो कसा खिळून बसतो!

आणि लाकूड? रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराचे प्रकरण आहे. त्यात स्पष्ट बजावले आहे की आंबा-फणसाची झाडे आरमाराच्या कामाची असली तरी त्यांस हात लावू देऊ नये. रयतेने ती लेकरांसारखी वाढविलेली असतात. ती तोडली तर तिच्या दुःखास पार राहात नाही. एखादे झाड जीर्ण झालेच, तर धन्यास राजी करून, द्रव्य देऊन न्यावे. पंत जातीने ब्राह्मण होते. खरे ते कुणीही लिहिले तरी आम्ही त्यास मान देतो. आमचा झगडा जानव्याशी नसून विसराळूपणाशी आहे.

तो विसराळूपणा सोयीचा आहे, हे मात्र आम्ही बोलणारच. कलिवर्ज्य प्रकरणांनी द्विजांना समुद्रयान निषिद्ध ठरविले. ज्यांना ते बंधन नव्हते त्यांनी दर्या राखला. पण पोथी लिहिणाऱ्याच्या हाती लेखणी, म्हणून दर्या राखणारा पुस्तकाबाहेर! पुढे १७५५ त इंग्रजांनी सुवर्णदुर्ग घेतला आणि १७५६ त विजयदुर्गाच्या बंदरात तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले. इंग्रजांचे हे साहाय्य पेशव्यांनी मागितलेले होते. तुळाजीचा स्वभाव उद्दाम होता, पेशव्यांशी त्याचे वैर होते, हे सारे कबूल. पण घरचे भांडण मिटविण्यास शेजारच्याकडून घराला आग लावून घेणे, याला शहाणपण म्हणावे काय? कादंबरीकार या पानावर आले की त्यांच्या दौतीतली शाई सुकते.

इंग्रजांकडे पाहा. मॅरिअट वयाच्या चौदाव्या वर्षी आरमारात शिरला आणि पुढे त्याने स्वतः भोगलेले लिहिले. फॉरेस्टरने १९३७ पासून आणि ओब्रायनने १९६९ पासून शिडाच्या जहाजांच्या कादंबऱ्यांच्या माळा रचल्या. त्या आजही वाचल्या जातात. का? कारण त्यांत दोर कसा ओढतात, बिस्किटात किडे कसे पडतात, माणसे वेठीला धरून जहाजावर कशी चढवितात, पाठीवर कोरडा कसा बसतो, हे सारे आहे. त्यांच्या आरमारातली 'ट्रिंकोमाली' ही १८१७ त पाण्यात उतरलेली युद्धनौका आपल्या मुंबईच्या गोदीत, जमशेटजी वाडियांच्या देखरेखीखाली, सागवानात घडली. ती आज इंग्लंडात हार्टलपूल येथे तरंगते आहे! हात आमचे, गोष्ट मात्र त्यांची.

मराठीत काहीच नाही असे आम्ही म्हणत नाही. परतवाड्यास, म्हणजे समुद्रापासून आमच्याइतक्याच दूर, जन्मलेल्या गोपाळ नीळकंठ दांडेकरांनी 'दर्याभवानी' लिहिली. कोरड्या मुलखातला माणूस दर्या लिहू शकतो, याचा हा पुरावा. २०२५ त खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे जागतिक वारशात गेले. दगडांना मान मिळाला. आता माणसांची पाळी आहे.

शेतकरी व कारागीर बंधूंनो, मायबहिणींनो! गोष्टी वाचा, रात्र जागवून वाचा. पण प्रत्येक पुस्तकाला सुतारबाबांचा प्रश्न विचारा. आणि तुमच्या घरातली पोर लिहू लागली, तर तिला सांगा, "बाई, तलवारीचे मागून लिही, आधी वासला लिही, वल्हे लिही, दोर लिही." आमच्या शिवारातले पाणी पूर्णेला मिळते, पूर्णा गोदावरीला आणि गोदावरी समुद्राला. दर्या आमचाही आहे. त्याच्या गोष्टीत आमचे नाव नसावे, हे आम्ही यापुढे चालू देणार नाही.