पाच बाईटची काटकसर

मंडळी, आपल्या धंद्यात एक युक्तिवाद फार लाडका आहे. "यूटीएफ-८ मध्ये मराठीचं प्रत्येक चिन्ह तीन बाईट खातं, यूटीएफ-१६ मध्ये दोनच. जुन्या फाँटांत तर बहुतेक एकावर भागायचं! मग मराठीला यूटीएफ-८ कशाला?"

हिशोब खरा आहे. शहापूर तालुक्यातलं 'शेणवा' घ्या. श, मात्रा, ण, व, काना अशी पाच चिन्हं. यूटीएफ-८ मध्ये १५ बाईट, यूटीएफ-१६ मध्ये १०. वाचले किती? पाच! मोबाईलचा तीन एमबीचा एक फोटो कमी ठेवलात, तर अशा सहा लाख नावांची बचत त्यातच वसूल. शिवाय वेबपेजमधले सगळे टॅग रोमन. यूटीएफ-१६ मध्ये ते दुप्पट फुगतात. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये यूटीएफ-८ बनवताना आस्कीला धक्का लावला नाही.

जुन्या फाँटांचं तर बोलूच नका. 'शिवाजी', 'कृतिदेव' यांच्या फाईलमध्ये मराठी नसतेच. असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं, फाँट त्यांना फक्त मराठी मुखवटा चढवतो. फाँट नसला की कंस, टिंबं, डॉलरची खिचडी. शोधता येत नाही, अकारविल्हे लावता येत नाही. ही बचत नव्हे, उधारी आहे.

आता खरी गोम. रकाना २० बाईटचा ठेवला आणि त्यात 'किन्हवली' टाकलं. चिन्हं आठ, बाईट २४. डेटाबेस शहाणा असेल तर नकार देईल, नसेल तर 'किन्हव' आणि पुढे अर्धवट कचरा. दोष यूटीएफ-८ चा नाही, अक्षरं बाईटने मोजणाऱ्याचा आहे. मायएसक्यूएलमधलं जुनं 'यूटीएफ८' असंच फसवं: तीन बाईटपर्यंतच धाव, मराठी बसते, इमोजी आला की गाडी अडते. म्हणून 'यूटीएफ८एमबी४' घ्या. २०१८ च्या ८.० आवृत्तीपासून ते मुळातच मिळतं.

"मग नावं इंग्रजीतच ठेवू ना!" हा सगळ्यात आळशी उपाय. रोमनमध्ये ण आणि न एकच, व कोणी 'व्ही'ने लिहितो, कोणी 'डब्ल्यू'ने. एका कागदावर एक स्पेलिंग, दुसऱ्यावर दुसरं. मग शेणव्याच्या माणसाने एसटी पकडून तहसीलला यायचं आणि "दोन्ही नावं माझीच" असं प्रतिज्ञापत्र करायचं. तुमचे पाच बाईट वाचले, त्याची दिवसाची मजुरी बुडाली.

थोडक्यात काय, मजकूर आत घेताना, साठवताना, बाहेर देताना सगळीकडे यूटीएफ-८. रकाने अक्षरांत मोजा. आणि टेस्ट डेटात 'जॉन स्मिथ'च्या शेजारी एक 'किन्हवली' बसवा. ती नीट छापून आली, तरच सॉफ्टवेअर तयार म्हणा.