‘तेव्हा आपण कुठे होता?’ : लतादीदी, विठाबाई आणि आठवणींचा इतिहास

१/ ६ फेब्रुवारी २०२२, रविवार. लता मंगेशकर गेल्याची बातमी आपल्याला कुठे कळली, हे हा थ्रेड वाचणाऱ्या बहुतेकांना सांगता येईल. आता दुसरी तारीख पाहा : १५ जानेवारी २००२, मंगळवार. त्या दिवशी तमाशासम्राज्ञी विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर निवर्तल्या. ‘तेव्हा आपण कुठे होता?’ हा प्रश्न या दुसऱ्या तारखेविषयीही विचारला पाहिजे, आणि तो लवकर विचारला पाहिजे, असे माझे मत आहे.

२/ या प्रकारच्या आठवणीला मानसशास्त्रात एक नाव आहे. रॉजर ब्राउन आणि जेम्स कुलिक या अमेरिकन अभ्यासकांनी १९७७ साली तिला ‘फ्लॅशबल्ब स्मृती’ म्हटले. धक्कादायक बातमी कानी पडताच भोवतालचे सारे दृश्य मनावर छायाचित्रासारखे उमटते, अशी त्यांची कल्पना होती.

३/ त्यांच्या अभ्यासातील एक निष्कर्ष इतिहासाच्या विद्यार्थ्याने विसरू नये. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येची अशी स्पष्ट आठवण असणाऱ्यांचे प्रमाण गौरवर्णीयांपेक्षा कृष्णवर्णीयांत दुपटीहून अधिक होते. देश एक, बातमीही एकच. परंतु ते मरण ज्यांना आपल्या घरातले वाटले, त्यांच्याच मनात तो क्षण अधिक खोल रुतला.

४/ मात्र छायाचित्राची उपमा पुढे टिकली नाही. २८ जानेवारी १९८६ रोजी ‘चॅलेंजर’ यानाचा स्फोट झाला. उल्रिक नायसर यांनी दुसऱ्याच दिवशी विद्यार्थ्यांकडून ‘बातमी कुठे, कशी कळली’ हे लिहून घेतले. सुमारे अडीच वर्षांनी त्यांतील ४४ जणांना पुन्हा तेच विचारले. एक चतुर्थांश विद्यार्थी सर्व मुख्य तपशिलांत चुकले. आपली आठवण अचूक असल्याचा विश्वास मात्र अनेकांच्या मनात अढळ होता.

५/ मग अशा आठवणींचा उपयोग काय? घटनेचा पुरावा म्हणून त्या कच्च्या आहेत, हे खरेच. पण बातमी कोणत्या वाटेने आली, ती कुणी सांगितली आणि ऐकणाऱ्याला त्या कलावंताशी कोणते नाते वाटत होते, हे त्यांतून कळते. दप्तरात हे सहसा सापडत नाही.

६/ लतादीदींची बातमी पाहा. जानेवारीपासून त्या ब्रीच कँडी रुग्णालयात होत्या आणि सारा देश रोज प्रकृतीची वार्ता ऐकत होता. रविवारी सकाळी निधन झाले, त्याच संध्याकाळी शिवाजी पार्कवर शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले. दोन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा पाळला गेला. सोमवारी राज्यात सुट्टी होती. ही आठवण आपल्या मनात आपोआप बसली नाही. दूरचित्रवाणीने, मोबाइलने आणि शासनाने मिळून ती बसवली.

७/ आजचा वेग तर असा, की बातमी कधी मृत्यूच्याही पुढे धावते. १५ डिसेंबर २०२४ च्या रात्री उस्ताद झाकीर हुसेन गेल्याचे पसरले, निकटवर्तीयांनी ते नाकारले आणि दुसऱ्या सकाळी कुटुंबाकडून निधनाला दुजोरा मिळाला. अनेकांनी एकाच कलावंतासाठी दोनदा शोक केला.

८/ २००२ साली यांतले काहीच नव्हते. चोवीस तासांची मराठी वृत्तवाहिनी २००७ पर्यंत अस्तित्वात नव्हती. गावापर्यंत बातमी पोहोचायची ती आकाशवाणीवरून, वर्तमानपत्रातून, एस.टी.ने आलेल्या माणसाच्या तोंडून किंवा पारावरच्या बोलण्यातून. पिंपळवंडीसारखे गाव नारायणगावच्या इतके जवळ, की तिथे ती वर्तमानपत्राआधी माणसांकडूनच आली असावी. ही वाट कुणी नोंदवली नाही, तर ती पुसून जाईल.

९/ विठाबाई कोण, हे नव्या वाचकांसाठी थोडक्यात. जन्म १९३५, पंढरपूर. वडील आणि चुलते यांचा ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’ हा फड प्रसिद्ध होता. १९५७ आणि १९९० साली त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवण्यात आले. तरी अखेरचे दिवस विवंचनेत गेले. २००६ पासून राज्य शासन त्यांच्या नावाने तमाशा कलावंतांना पुरस्कार देते. खेळ सुरू असताना बाळंत होऊन त्या पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही कथा सर्वत्र सांगितली जाते. निधनाची तारीख मात्र फारच थोड्यांना ठाऊक असते.

१०/ याला केवळ प्रसारमाध्यमे कारणीभूत नाहीत. ज्या कलेवर गाव रात्रभर लुब्ध होत असे, तिच्याशी असलेली ओळख ते सकाळी उघडपणे सांगत नसे. त्यात जातीचा अडसर होता. शिवाय घरंदाज म्हणवणाऱ्या कितीतरी घरांतील स्त्रियांना कनातीच्या आत जायची मुभाच नव्हती. म्हणून आजोबा विठाबाईंविषयी काय सांगतात याइतकेच आजी काय सांगते, हेही ऐकण्याजोगे आहे. ‘मी कधी पाहिलेच नाही’ हे उत्तरही इतिहासच आहे.

११/ नोंद कशी करावी? प्रश्न साधे ठेवा : बातमी कुणी सांगितली? त्या वेळी हातात कोणते काम होते? त्यांना शेवटचे कुठे पाहिले होते? उत्तर बोलणाऱ्याच्याच शब्दांत लिहा, मग दिनदर्शिकेशी ताडा. तो संक्रांतीचा आठवडा होता. कुणी ‘चैत्राच्या जत्रेत कळले’ म्हणाले, तर दोन आठवणी एकमेकींत मिसळल्या आहेत असे समजा. पण ते पान फाडू नका. फडातल्या माणसांनाही विचारा. दसऱ्याला बाहेर पडलेले फड जानेवारीत गावोगाव फिरत असतात. त्यांना ही बातमी कोणत्या मुक्कामी गाठली असेल?

१२/ दरवर्षी जत्रांच्या हंगामाआधी नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच सुपारी द्यायला येतात. त्या गर्दीत विठाबाईंचा खेळ प्रत्यक्ष पाहिलेली माणसे अजून भेटतात. २००२ साली जे पन्नाशीत होते, ते आज सत्तरी ओलांडून गेले आहेत. मित्रहो, जुन्नर-आंबेगावचे जे कुणी हे वाचत असाल, त्यांनी या आठवड्यात घरातल्या एका वडीलधाऱ्या माणसाला हा प्रश्न विचारावा आणि उत्तर गावाच्या नावासह या थ्रेडखाली लिहावे.