'हिंदू'च्या चाळिसाव्या पानावर

माझा चुलतभाऊ जालन्याच्या एका अभ्यासिकेत बसून पोलीस भरतीची तयारी करायचा. दिवाळीला मी पुण्याहून गावी, घनसावंगी तालुक्यात, गेलो होतो. ओट्यावर बसल्या बसल्या त्यानं विचारलं, "दादा, सध्या काय वाचायलास?"

मी ऐटीत सांगितलं, "नेमाड्यांची 'हिंदू'."

खरं म्हणजे 'हिंदू' माझ्या रूमवर चाळिसाव्या पानात एसटीचं तिकीट खुपसून आठ महिने पडून होती. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागायचो ते नारायण धारपांच्या 'लुचाई'साठी. पण शिकलेल्या, आयटीत नोकरी करणाऱ्या भावानं भुताची कादंबरी वाचतोय असं कसं सांगायचं?

पोरानं एका वाचनालयातून 'हिंदू' मिळवली आणि पंधरा दिवसांनी परत केली. "नाही झेपली दादा. आपलं डोकं तेवढं नाही," एवढंच म्हणाला. नंतर दोन वर्षं त्यानं मला पुस्तकाचं काही विचारलं नाही. यात 'हिंदू'चा दोष नाही. ज्यांनी ती पूर्ण वाचली ते भरभरून बोलतात आणि ते खरंच बोलत असणार. दोष माझा. जे पुस्तक मलाच झेपलं नव्हतं, त्यावरून एका पोरानं स्वतःचं डोकं मोजलं.

तर हा लेख माझ्यासारख्या खोटारड्यांच्या विरोधात आहे. आपण थोडेथोडके नाही. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन येतो. २०१५ पासून तो साजरा होतो आणि दर वर्षी त्या दिवशी मोबाईल उघडला की हातात 'अग्निपंख' धरलेले फोटोच फोटो. बाकी वर्षभर कॉफीचा मग, शेजारी सात पुस्तकांची चळत, खाली 'या वर्षीचं टार्गेट ५२'. सातांतलं कुठलं आवडलं, कुठलं अर्ध्यात सोडलं, कुठल्या पानावर बस स्टॉप चुकला, याबद्दल एक ओळ नसते. ऑफिसात आम्ही महिन्याला किती तिकिटं क्लोज केली ते मोजतात, तेव्हा सोपी तिकिटं आधी पळवली जातात हे मला पक्कं माहीत आहे. पुस्तकं मोजायला लागलं की तेच होतं.

कुणी म्हणेल, मिरवू दे की, कुणाचं काय जातं? पुण्या-मुंबईत कदाचित नसेल जात. तिथं दुकानात शिरून चार पुस्तकं चाळता येतात, प्रदर्शनं असतात, लेखक भेटतात. आमच्याकडे तालुक्याच्या पुस्तकाच्या दुकानात गाईड, वह्या आणि स्पर्धा परीक्षांचे ठोकळे. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्याखाली अ, ब, क, ड अशा वर्गांत अनुदानावर चालणारी ११ हजारांहून जास्त वाचनालयं आहेत खरी, पण ड वर्गातलं म्हणजे बहुतेकदा एक खोली आणि दोन-तीन कपाटं. त्यातलं नेमकं कुठलं काढायचं, हे कुणीतरी सांगावं लागतं.

अॅप सांगेल असं वाटत असेल तर विसरा. आमच्या धंद्यात 'कोल्ड स्टार्ट' नावाची अडचण असते. माणसाची किंवा वस्तूची आधीची काहीच नोंद नसेल तर सिस्टीमला काहीही सुचवता येत नाही. परतूरच्या मुलीला कुठली मराठी कादंबरी आवडेल, याचा डेटा कुठल्याही कंपनीकडे नाही. तिची सिस्टीम म्हणजे तिची मैत्रीण, मामा, शाळेतले सर, स्टेटस टाकणारा कुणी दादा. एवढ्या चार-पाच तोंडांतून येणारी माहितीच खोटी असेल तर? डेटा नसणं परवडतं, खोटा डेटा नाही परवडत.

यावर ठरलेला आक्षेप येतो: मग सगळ्यांनी भुताखेतांचंच वाचायचं का? अहो, बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या आणि त्यांच्या बोटाला धरून कितीतरी लोक वाचनाला लागले. मी स्वतः सुहास शिरवळकरांच्या 'दुनियादारी'तून आत आलो, तेही पिक्चर बघून. शरमेनं कुणी थोर पुस्तकापर्यंत पोहोचल्याचं मी अजून पाहिलेलं नाही. (आणि 'आजची पिढी वाचतच नाही' म्हणणाऱ्या काकांनी एकदा अभ्यासिकेत दहा तास बसून दाखवावं.)

जुन्या वाचनालयांत पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असायची, अजूनही कुठे कुठे असते. तारखा दाटीनं पडलेल्या दिसल्या की कळायचं, हे चालतंय. कुणीतरी पेन्सिलीनं 'शेवट चुकवू नका' लिहिलेलं असायचं. ना नाव, ना फोटो. माझ्या मते तेवढी शिफारस पुरे.

गेल्या पावसाळ्यात भावाला खरं सांगून टाकलं. आधी शिवी घातली, मग हसला, मग म्हणाला, "ती भुताची दे." ती दिली. तिच्यासोबत सदानंद देशमुखांची 'बारोमास' दिली, कारण ती मी खरोखर शेवटपर्यंत वाचली होती. जालन्याहून तासाभरात देऊळगाव राजा येतं, म्हणजे बुलढाणा जिल्हा. देशमुख त्या जिल्ह्यातले. कादंबरीतला एकनाथ शिकलेला आहे, पण नोकरीला द्यायला पैसे नाहीत म्हणून शेतीत अडकलाय. मी त्याला एवढंच सांगितलं, की मधे दोनदा पुस्तक मिटून ठेवावं लागलं, कारण घरच आठवायला लागलं होतं. चार दिवसांनी रात्री साडेअकराला मेसेज आला: "दादा, हे तर आपल्या अण्णांचंच लिहिलंय."

ती प्रत काही मला परत मिळाली नाही. अभ्यासिकेतल्या चौथ्या पोराकडे आहे म्हणे.

परवा त्याचा फोन आला. कुणीतरी सुचवलेलं एक गाजलेलं पुस्तक घेतलंय, साठ पानं झाली, जाम कंटाळा आलाय. "सोडू का?"

"सोड," मी म्हणालो. "मी पण 'हिंदू'चं तिकीट अजून चाळीसवरून हलवलेलं नाही."