ज्याची त्याची नोंदवही

दरडोई उत्पन्नाच्या आकड्यावरून भूमिहीन शेतमजुराची स्थिती कळत नाही, हे आम्ही अर्थशास्त्राच्या वर्गात आयुष्यभर शिकविले. वैद्यकातील सरासरीलाही तीच मर्यादा आहे. म्हणून कॅनडातील गॉर्डन गायट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये एकाच रुग्णावर औषध व बनावट गोळी आलटूनपालटून पारखण्याचा पुरस्कार केला.

लंडनमधील अशा एका प्रयोगाचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. कोलेस्टेरॉल घटविणाऱ्या स्टॅटिन गोळ्या त्रासापायी सोडून दिलेले ६० जण त्यात होते. प्रत्येकाला वर्षभरासाठी बारा बाटल्या मिळाल्या: चार औषधाच्या, चार बनावट गोळ्यांच्या, चार चक्क रिकाम्या, दरमहा एक, क्रम यदृच्छेने ठरविलेला. त्रासाची नोंद रोज ज्याची त्याने करावयाची. औषधाच्या महिन्यांत जो त्रास वाढला, त्याच्या सुमारे ९० टक्के बनावट गोळीनेही वाढला! त्रास खोटा नव्हता. त्याचे कारण बहुतांशी औषधात नव्हते. स्वतःच्या नोंदी पाहिल्यावर निम्म्या लोकांनी औषध पुन्हा सुरू केले.

आपल्याकडे गोळ्या सोडणारा अडाणी ठरतो आणि त्याला उपदेश ऐकावा लागतो. आरोग्यशिबिरे भरविणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी तरी भाषणे आवरून त्याच्या हाती त्याचीच नोंदवही द्यावी. अर्थात औषध थांबवून पाहणे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. आणि क्षयरोगात तर मुळीच नाही, तेथे खंड घातक ठरतो.